अडतीवरचं काम फॉर्मात लिहू का?

*ताई, मी मूळची सांगलीची. पुण्यात पाच वर्षांचं बीए एलएलबी केलं, सनद घेतली, बार परीक्षाही पास झाले. मग दोन वर्षं सांगलीत एका सीनियर वकिलांकडे काम केलं आणि गेल्या सप्टेंबरात एलएलएमसाठी लंडनला आले. मला कमर्शियल लॉ फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटर व्हायचंय. आतापर्यंत ४३ फर्मना अर्ज केले. बहुतेकांकडून थोड्याच दिवसांत ‘अनफॉर्च्युनेटली’ने सुरू होणारी मेल आली. सहा ठिकाणी वॉटसन ग्लेसर ही तर्कशक्तीची टेस्ट दिली, पाच ठिकाणी गाडी तिथेच थांबली. एकाच फर्मने असेसमेंट सेंटरला, म्हणजे निवडीच्या प्रत्यक्ष चाचण्यांना बोलावलं. तिथे ग्रुप एक्सरसाइजमध्ये बाकीचे इतकं फाडफाड बोलत होते की मी गप्पच बसले. एका फॉर्मात तर दुसऱ्याच फर्मचं नाव राहून गेलं. डिग्री भारतातली म्हणून असं होतंय का? मैत्रीण म्हणते, ट्रेनिंग काँट्रॅक्टचा (ट्रेनीच्या नोकरीचा) नाद सोड, सरळ एसक्यूई ही सॉलिसिटर व्हायची परीक्षा दे. बाबा विचारतात, अजून किती दिवस?*

*ता. क. सांगलीत असताना संध्याकाळी बाबांच्या हळदीच्या अडतीवरचे कागद मी बघायचे. एकदा इंदूरच्या व्यापाऱ्याने ओलावा जास्त आहे म्हणत दोन ट्रक माल अडवून धरला आणि पैसे देईना. तो माल आधी बँकेकडे तारण होता, बाबांनी उसनवार करून सोडवलेला. मी सौद्याचे कागद शोधले, नोटीस पाठवली, शेवटी दोन्ही बाजूंसमोर नमुना काढायला लावून तडजोड घडवली. हे फॉर्मात कुठेच लिहिलेलं नाही. इथे त्याचं कोणाला काय!*

*— एक वाचक, पूर्व लंडन*

अगं, मुख्य पत्र म्हणून तू जे लिहिलंस ते मी दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या पत्रात वाचते. ताजा कलमात लिहिलंस ते मात्र वीस वर्षांत वाचलं नव्हतं. सोबत जोडलेल्या तुझ्या फॉर्ममध्ये ते शोधलं, तर तिथे कॉलेजातली मूट कोर्ट (सरावाचे खटले), वादविवाद स्पर्धा आणि एका एनजीओतली चार आठवड्यांची इंटर्नशिप. हळद नाहीच.

आधी हे काम काय असतं ते बघ, म्हणजे मी हळदीमागे का लागले ते कळेल. मी बँकिंग विभागात आहे, दर सहा महिन्यांनी नवा ट्रेनी माझ्यासमोरच्या टेबलावर येऊन बसतो. दोन वर्षांत साधारण चार विभागांत त्याला फिरवतात, प्रत्येक मुक्कामाला इथे ‘सीट’ म्हणतात. माझ्याकडे आल्यावर तो पहिल्या आठवड्यात काय करतो? कर्ज देण्याआधी बँकेला जे कागद हातात हवे असतात त्यांची यादी सांभाळतो. ऐंशी-नव्वद ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळीसमोर कोणाची सही बाकी, कोणता ठराव आला, कोणता नाही. व्यवहार रात्री उशिरा पार पडला की दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीज हाऊसला, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाला, एमआर०१ नावाचा फॉर्म भरायचा. कर्जदार कंपनीने मालमत्ता तारण दिली, याची ती नोंद. मुदत २१ दिवस. ती चुकली की कंपनी बुडाल्यावर ते तारण लिक्विडेटरसमोर (बुडालेल्या कंपनीची देणी भागवणाऱ्यासमोर) टिकत नाही. मुदत वाढवून घ्यायला कोर्टात जावं लागतं आणि क्लायंटला फोन करून तसं सांगावं लागतं. तो फोन कोणालाही करायचा नसतो.

म्हणजे मला कोण हवंय? तारण म्हणजे काय, माल सुटला की कोणाची मान मोकळी होते आणि कोणाची अडकते, व्याज रोज कसं चढतं, हे जिने अंगावर घेतलंय अशी मुलगी. तू ते घरातच घेतलंस. आणि फॉर्ममध्ये लिहिलंस की ‘मला कॉर्पोरेट फायनान्सची नितांत आवड आहे’.

इथल्या फर्म ज्याला ‘कमर्शियल अवेअरनेस’ म्हणतात त्याने मुलं उगाच घाबरतात. रोज फायनान्शियल टाइम्सचे मथळे पाठ करतात आणि मुलाखतीत बँक ऑफ इंग्लंडच्या व्याजदरावर भाषण ठोकतात. विचारलेलं असतं एवढंच, की क्लायंटचे पैसे कुठून येतात, कुठे अडकतात आणि वकिलाने त्यात काय करायचं.

मीही यात तोंडावर आपटले आहे. मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये तीन वर्षं आर्टिकलशिप केली, बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा दिली आणि इथे आले. (बाबांना ‘ट्रेनिंग काँट्रॅक्ट’ म्हणजे काय ते समजावताना आर्टिकलशिपच म्हण, पटकन कळेल. इंग्लंडातही पूर्वी ट्रेनीला आर्टिकल्ड क्लार्कच म्हणायचे.) लंडनमधल्या पहिल्या मुलाखतीआधी त्या फर्मचं माहितीपत्रक मी तोंडपाठ केलं होतं. किती देशांत ऑफिसं, किती पार्टनर, कोणते पुरस्कार, सगळं. समोरच्या पार्टनरने शांतपणे त्यांच्याच एका मोठ्या क्लायंटचं नाव घेतलं आणि विचारलं, “ते काय विकतात?” मला सांगता आलं नाही. मुलाखत पुढे अर्धा तास चालली, पण ती तिथेच संपली होती.

आता तुझं ‘हीच फर्म का?’ या प्रश्नाचं उत्तर घेऊ. तू लिहिलंयस: आपल्या फर्मची जागतिक व्याप्ती, सर्वसमावेशक वातावरण आणि अत्याधुनिक व्यवहारांवर काम करण्याची संधी मला आकर्षित करते. यातलं फर्मचं नाव काढ आणि दुसरं टाक. उत्तर तसंच्या तसं लागू पडतं. तू नेमकं तेच केलंस, आणि एकदा नाव बदलायचं राहिलं. त्या चुकीबद्दल तू पत्रात माफी मागितल्यासारखं लिहिलंस, पण नाव बरोबर असतं तरी ते उत्तर वाया गेलेलंच होतं. दोन फर्म एकत्र येऊन झालेल्या ए अँड ओ शर्मनला अर्ज करणारा जवळपास प्रत्येक जण लिहितो की मे २०२४ मधल्या विलीनीकरणाने मी प्रभावित झालो. वाचणाऱ्याला ते विलीनीकरण तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मग कुठे शोधायचं? एक जागा सांगते, फुकट आहे आणि मुलं तिकडे सहसा फिरकत नाहीत. कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर जा आणि तुला ज्यातलं कळतं अशा धंद्यातली एखादी ब्रिटिश कंपनी शोध. तू मसाले आयात करणाऱ्यांपासून सुरुवात कर, वेम्बली किंवा साउथॉलच्या दुकानातल्या पाकिटामागे कंपनीचं नाव छापलेलं असतं. त्या कंपनीच्या पानावर ‘चार्जेस’ असा टॅब दिसला तर उघड (दिसला नाही तर पुढचं पाकीट). कोणत्या बँकेने कधी काय तारण घेतलं याची नोंद तिथे असते आणि मूळ दस्तऐवजाची पीडीएफसुद्धा. पुष्कळदा त्याच्या मुखपृष्ठावर तो करणाऱ्या लॉ फर्मचं नाव असतं. असे चार-पाच दस्तऐवज वाच. गोदामातल्या मालावर बँकेने हात कसा ठेवलाय ते बघ आणि सांगलीत बँकेने तुमच्या पोत्यांवर कसा ठेवला होता ते आठव. मग एखाद्या फर्मला लिही, की मालावरच्या कर्जाचं हे काम तुम्ही मध्यम आकाराच्या आयातदारांसाठी करता, मी त्याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला बसलेली होते. असं उत्तर त्या ढिगात दुसरं नसेल. आणि त्या शोधात तुला कळेल की हे काम फक्त ‘मॅजिक सर्कल’ म्हणतात त्या लंडनच्या बड्या पाच फर्मकडे नसतं. बर्मिंगहॅम, लीड्स, मँचेस्टरच्या फर्मही ते करतात. तुझ्या ४३ नावांच्या यादीत लंडनबाहेरची किती होती? मला दोन सापडली.

मॅजिक सर्कलचा मोह मला कळतो. तिथे ट्रेनीला पहिल्याच वर्षी पन्नास हजार पौंडांच्या वर मिळतात आणि २०२४ पासून सॉलिसिटर झाल्या झाल्या दीड लाख. अमेरिकन फर्म त्याहून जास्त देतात. तासही तसेच घेतात. अर्ज कर तिथेही, दोन-तीन ठिकाणी. बाकी सगळी ताकद तिथेच घालू नकोस.

एकूण आठ ते दहा अर्ज. त्याहून जास्त नीट लिहून होत नाहीत, एका चांगल्या फॉर्मला चार-पाच संध्याकाळी जातात. अनेक फर्म मुदत संपायची वाट न बघता आले तसे फॉर्म वाचत जातात, त्यामुळे शेवटच्या रात्री साडेअकराला सबमिट करायची आपली परीक्षा-फॉर्मची सवय इथे महागात पडते.

हळदीचा प्रसंग लिहिताना एक कर. थेट इंग्रजीत लिहायला बसू नकोस. आधी बहिणीला किंवा मैत्रिणीला फोनवर मराठीत सांग आणि ते रेकॉर्ड कर. तू सांगशील, “अगं, दोन ट्रक तिकडे उभे, इकडे बाबांनी ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांचा रोज फोन. सौद्याच्या कागदावर ओलाव्याबद्दल लिहिलेलं होतं, पण मोजायचा कुठे, सांगलीत की इंदुरात, ते कुठेच नव्हतं.” बघ, तुझ्या तोंडून आपोआप करारातली फट बाहेर पडली. इंग्रजीत लिहिलं असतंस तर ‘मी सर्व संबंधित घटकांशी प्रभावी संवाद साधून वाद यशस्वीरीत्या सोडवला’ असलं काहीतरी झालं असतं. ते रेकॉर्डिंग ऐकत इंग्रजी वाक्यं कर, लहान लहान. आणि तडजोडीत बाबांना किती सोडावं लागलं तेही लिही. पूर्ण विजयाच्या गोष्टीवर पार्टनर लोक विश्वास ठेवत नाहीत, त्यांनी स्वतः आयुष्यभर तडजोडीच केलेल्या असतात.

वॉटसन ग्लेसरमध्ये तू बुद्धी कमी म्हणून अडकत नाहीयेस. आपण फार जास्त जाणतो आणि ते उत्तरात आणतो, म्हणून अडकतो. उदाहरण घे. विधान असं: ‘यंदा हळदीला चांगला भाव आला, तेव्हा शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी जास्त हळद लावावी.’ आता विचारलं की ‘पुढच्या वर्षीही भाव चांगला राहील’ हे इथे गृहीत धरलंय का? सांगलीची मुलगी लगेच म्हणणार, छे, सगळ्यांनी लावली की भाव पडतोच. ते खरं असेल, पण प्रश्न तो नाही. बोलणाऱ्याने काय धरून चालवलंय एवढंच विचारलंय, आणि त्याने भाव टिकेल असंच धरलंय. उत्तर ‘हो’. पाच भाग असतात आणि प्रत्येकाचा नियम थोडा वेगळा असतो. निष्कर्ष काढायच्या भागात ‘बहुधा खरं’ आणि ‘माहिती अपुरी’ यांच्यात मुलं गोंधळतात. तीन आठवडे रोज एकच भाग घे, घड्याळ लावून, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर लिही की बाहेरचं काय आणलंस.

ग्रुप एक्सरसाइजमध्ये फाडफाड बोलणाऱ्यांना मार्क मिळतात हा गैरसमज आहे. मी परीक्षक म्हणून कोपऱ्यात बसलेली असते. पाच जण एकाच वेळी बोलत असताना ‘प्रश्नात तीन शिफारशी मागितल्यात, आपण अजून पहिल्यावरच आहोत आणि बारा मिनिटं उरलीत’ असं एक वाक्य कोणी बोललं की माझं पेन हलतं. पण गप्प बसणाऱ्यांसाठी माझ्या कागदावर लिहायला काही नसतं, तिथे माझा इलाज चालत नाही.

त्यापेक्षा पार्टनरच्या मुलाखतीत आपली मुलं जास्त घसरतात. पार्टनर मुद्दाम विरोध करतो. आपल्याला लहानपणापासून मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे शिकवलेलं, त्यामुळे पहिल्या धक्क्यालाच ‘येस, यू आर राइट’. त्याला तेच बघायचं असतं, की उद्या समोरच्या बाजूचा वकील फोनवर दरडावू लागला तर ही कोसळेल का. मत बदलायला हरकत नाही, पण कशामुळे बदललं ते सांगता आलं पाहिजे.

आता डिग्री. भारतातली डिग्री हे कारण नाही, पण मार्क हे असू शकतं. इथले फॉर्म साधारण टू-वन मागतात, म्हणजे इथल्या विद्यापीठांतले साठ टक्के आणि वर. तुझे ५८ आहेत. आपल्याकडे कायद्याच्या पेपरला मार्क किती चिमटीत धरून देतात ते इथल्या एचआरमधल्या मुलीला कसं कळणार? जादा माहितीच्या चौकटीत एका ओळीत लिही: वर्गात कितवी होतीस, त्या वर्षी सर्वांत जास्त मार्क किती होते. परदेशी पदव्या तपासणाऱ्या यूके एनिककडून समकक्षतेचं पत्रही मिळतं. ती चौकट तू रिकामी सोडलीस.

मैत्रिणीचा सल्ला अर्धा बरोबर आहे. सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर व्हायचा रस्ता एसक्यूईतून जातो. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात मसुदा लिहिणं, क्लायंटची मुलाखत, युक्तिवाद अशी १६ कामं. इथल्या मुलांना त्याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तू सनद असलेली वकील आहेस, तुला ती अट नाही. म्हणजे ट्रेनिंग काँट्रॅक्ट न मिळताही तू कागदोपत्री सॉलिसिटर होऊ शकतेस. पण दोन गोष्टी मैत्रिणीने सांगितल्या नसाव्यात. एक, दोन्ही टप्प्यांची फी पाच हजार पौंडांच्या घरात जाते, क्लासचे पैसे वेगळे, आणि पहिल्या टप्प्यात निम्म्याच्या आसपासच लोक पास होतात. जुलै २०२४ मध्ये तर ४४ टक्केच झाले. दोन, नुसतं कागदोपत्री सॉलिसिटर झाल्याने कमर्शियल फर्म दार उघडत नाही. तिथे नव्या सॉलिसिटरला काम येतं असं धरून चालतात आणि इंग्लंडातलं काम तुझ्या हातून अजून झालेलं नाही. ट्रेनिंग काँट्रॅक्ट देणाऱ्या मोठ्या फर्म बहुधा परीक्षेची आणि क्लासची फी स्वतः भरतात, त्यामुळे खिशातले पाच हजार आत्ताच घालायची घाई करू नकोस.

खरी घाई व्हिसाची आहे. फर्म बहुतेक दोन वर्षं आधी जागा भरतात. येत्या हिवाळ्यात निवड झाली तरी टेबल मिळायला तेवढा काळ जाईल. शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार. एलएलएमचा निकाल लागला की तो अर्ज डिसेंबरवर ढकलू नकोस. मधल्या काळात पॅरालीगलची (वकिलांच्या हाताखालच्या मदतनिसाची) नोकरी बघ, तीही बँकिंग किंवा रिअल इस्टेट विभागात. पगार कमी असतो, काम कंटाळवाणं असतं, पण ऑफिसातून ट्रेनीच्या जागेवर सरकलेले पॅरालीगल माझ्याच मजल्यावर तीन आहेत. ट्रेनीच्या जागेसाठी अर्ज करण्याआधी ती फर्म होम ऑफिसच्या (इथल्या गृहखात्याच्या) परवानाधारक स्पॉन्सरांच्या, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसासाठी पुरस्कृत करू शकणाऱ्यांच्या, यादीत आहे का ते बघ, यादी सगळ्यांना खुली आहे. नसेल तर तो फॉर्म भरूच नकोस.

बाबांना ‘अजून दोन हंगाम’ म्हणून सांग. त्यांना हा हिशोब कळतो. दुसऱ्या हंगामानंतर व्हिसा, पैसे आणि उमेद यांतलं काय उरलंय ते बघून मुंबईचा विचार करायचा. माझी अर्धी ओळख आजही फोर्टमधल्या त्या फर्मची आहे आणि ते मी कमीपणाचं समजत नाही.

तेवढ्यात त्यांना हेही विचार, की त्या दोन ट्रकांच्या पट्टीवर ओलावा किती टक्के लिहिला होता आणि इंदूरवाल्याने किती दाखवला. पट्टी सापडली तर फोटो मागव. आकडा आठवत नसेल तर अंदाजाने फॉर्ममध्ये घालू नकोस, मी असते तर मुलाखतीत पहिलं तेच विचारलं असतं.